जातिवंत मांजरांचा इतिहास जपताना: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातल्या मांजरवाल्यांकडची जुनी कागदपत्रं, फोटो, रिबिनी आणि आठवणी गोळा करायचं काम आम्ही काहीजण हौसेनं करतो. फोनवर, जनावरांच्या दवाखान्याबाहेर, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा तेच ते प्रश्न येतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

मांजरांचा कसला आलाय इतिहास?

मांजर माणसाजवळ हजारो वर्षं आहे. पण या पिल्लाची आई ही, बाप तो, असं कागदावर लिहून पैदास करायची पद्धत जेमतेम दीडशे वर्षांची आहे. १३ जुलै १८७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर या चित्रकारानं मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं. कोणत्या मांजरात काय पाहायचं, याचे निकषही त्यानंच ठरवले आणि परीक्षकांतही तो होताच. १८८७ साली नॅशनल कॅट क्लब निघाला, त्याचा पहिला अध्यक्षही वेअरच. पुढे काही वर्षांत तो वैतागून बाहेर पडला. सभासदांना मांजरांच्या भल्यापेक्षा बक्षिसांचीच जास्त पडली आहे, अशी त्याची तक्रार होती. आजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरची भांडणं पाहिली की वाटतं, हा धंदा जन्मापासूनच असा आहे.

अमेरिकेत ८ मे १८९५ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये प्रदर्शन झालं. त्यात कोझी नावाच्या मेन कून मांजरानं पहिला मान पटकावला. त्याला मिळालेला चांदीचा पट्टा आज ओहायो राज्यातल्या अलायन्स गावच्या मांजर-इतिहास संग्रहालयात आहे. पट्टा राहिला, कारण तो चांदीचा होता. त्या काळच्या बहुतेक मांजरांचे कागद मात्र कुणी राखले नाहीत. आमचा सगळा जोर कागदांवर आहे तो यासाठीच.

पण सोलापुरात असा इतिहास आहे तरी किती?

थोडा आहे आणि फार जुना नाही. चादरींचं गाव म्हणून आपली ओळख. पर्शियन मांजर घरोघरी दिसायला लागलं ते अलीकडे. बहुतेक पिल्लं पुण्या-मुंबईहून किंवा हैदराबादहून आली, रेल्वेनं नाहीतर ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये मांडीवरच्या बास्केटमधून. कुणी आणलं, कुणाकडून आणलं, कितीला घेतलं, त्या पहिल्या मांजराची पिल्लं कुठल्या पेठेत गेली, हे सगळं आज माणसांच्या डोक्यात आहे. ती माणसं अजून धडधाकट आहेत, गप्पा मारायला तयार आहेत. एवढा ताजा इतिहास लिहायची संधी लंडनवाल्यांना आता मिळणार नाही.

'डॉल फेस', 'सेमी पंच', 'पंच' हे शब्द लिहायचे का? ते अधिकृत नाहीत म्हणतात.

नाहीत, आणि तरीही लिहायचे. मोठ्या नोंदणी संस्थांच्या मानकात, म्हणजे जात कशी दिसावी याच्या लेखी नियमांत, पर्शियन ही एकच जात आहे. डॉल फेस (नाक बाहेर आलेलं), सेमी पंच (मधलं), पंच (नाक अगदी आत) ही आपल्या बाजाराची विभागणी. नाक जितकं आत बसलेलं, तितका भाव चढा. एखाद्या जुन्या पावतीवर 'सेमी पंच, सफेद, मादी' एवढंच लिहिलेलं असेल, तरी त्या वर्षी सोलापुरात कशाला मागणी होती ते कळतं. शब्द आहे तसा लिहा. दुरुस्त करून 'पर्शियन' लिहिलंत तर माहिती गेली.

फक्त एक पथ्य पाळा. विक्रेत्यानं काय म्हटलं आणि तुम्हाला काय दिसतं, हे वेगवेगळं लिहा. लांब केसांचं प्रत्येक मांजर पर्शियन नसतं, आणि पिल्लू विकताना सगळीच पर्शियन असतात.

आमच्या मांजराला पेडिग्रीचे, म्हणजे वंशावळीचे, कागद नाहीत. मग आमचा काय उपयोग?

सोलापुरातल्या दहा घरी जाऊन विचारा, बहुतेकांचं उत्तर हेच असेल. कागद नसले तर आजपासून तुम्ही करा. त्याला नोंदणी संस्थेचा शिक्का मिळणार नाही, ते वेगळं. पण मांजरीची जन्मतारीख (नक्की माहीत नसेल तर 'अंदाजे' असं स्पष्ट लिहून), कुठून आणली, रंग, डोळ्यांचा रंग, कोणत्या बोक्याकडे मेटिंगला नेली, त्या बोक्याचा मालक कोण, पिल्लं किती झाली, किती जगली, कोणत्या रंगाची होती, कुणाला दिली, एवढं वहीत आलं की दोन पिढ्यांची वंशावळ तयार झाली.

बोक्याची नोंद हमखास राहून जाते. मांजरी आपल्या घरची असते, म्हणून तिचं सगळं तोंडपाठ असतं. बोका मात्र 'तो होटगी रोडचा पांढरा'. मेटिंगच्या बदल्यात एक पिल्लू द्यायचं ठरलेलं असतं, ते दिलं की संबंध संपला. चार वर्षांनी त्याच पांढऱ्या बोक्याची मुलगी त्याच्याच मुलाकडे नेली जाते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. शहरात चांगले बोके मोजके असतात, त्यामुळे ही वेळ मोठ्या शहरापेक्षा आपल्याकडे लवकर येते.

पेडिग्रीचा कागद वाचायचा कसा?

डावीकडे तुमचं मांजर. त्याच्या उजवीकडे वर बाप, खाली आई. पुढच्या रकान्यात त्या दोघांचे आईबाप, असं करत उजवीकडे जायचं. तीन पिढ्यांचा कागद असेल तर १४ पूर्वज, पाच पिढ्यांचा असेल तर ६२. प्रत्येक नावाच्या सुरुवातीला बहुधा पैदासकाराच्या कॅटरीचं, म्हणजे मांजरांची पैदास करण्याच्या ठिकाणाचं, नाव असतं, आपल्या आडनावासारखं. चॅम्पियन, ग्रँड चॅम्पियन असे किताब नावाच्या आधी संक्षेपात येतात. खाली नोंदणी क्रमांक आणि रंग.

आपल्या भागात हेळवी येतो आणि पोथी उघडून घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवतो. कुणाचा मुलगा कुठल्या गावी गेला, हे घरच्यांना नसेल ठाऊक तेही त्याच्याकडे निघतं. पेडिग्रीचं काम तेच, फक्त इथे हेळव्याच्या जागी नोंदणी संस्था आहे. अमेरिकेतली कॅट फॅन्सियर्स असोसिएशन, म्हणजे सीएफए, १९०६ साली निघाली. ब्रिटनची गव्हर्निंग कौन्सिल १९१० ची. युरोपातली फिफे १९४९ ची, आणि टिका १९७९ ची. कागदावर कोणत्या संस्थेचं नाव आहे ते आधी पाहा, कारण प्रत्येकीचे नियम निराळे. एकीनं मान्य केलेली जात दुसरीकडे मान्य असेलच असं नाही.

कागद हातात आला की ६२ चौकटींत वेगवेगळी नावं किती, ते मोजा. एकच नाव तीन-चारदा आलं असेल तर जवळच्या नात्यात पैदास झाली आहे. विक्रेता हे सांगत नाही, कागद सांगतो.

प्रदर्शनातल्या रिबिनी, कॅटलॉग, परीक्षकांच्या चिठ्ठ्या यांतलं काय ठेवायचं?

एकच गोष्ट ठेवायची झाली तर कॅटलॉग ठेवा. लोक रिबीन काचेत लावतात आणि कॅटलॉगवर समोसा खातात. रिबीन सांगते, कुणीतरी जिंकलं. कॅटलॉगमध्ये त्या दिवशी पिंजऱ्यात बसलेल्या प्रत्येक मांजराचं नाव, जात, रंग, जन्मतारीख, आईबाप, पैदासकार आणि मालक सापडतात, हरलेल्यांचेसुद्धा. आणि इतिहासात हरलेलीच जास्त असतात. प्रेक्षकानं पेन घेऊन निकाल समासात टिपले असतील तर त्या प्रतीची किंमत आणखी वाढली. त्या खुणा खोडू नका.

परीक्षकांच्या चिठ्ठ्यांचं म्हणाल तर ते संस्थेवर अवलंबून. फिफेच्या प्रदर्शनात परीक्षक प्रत्येक मांजराबद्दल लेखी अभिप्राय देतो: डोकं असं, कान तसे, केसांची प्रत अमुक. सीएफएच्या रिंगमध्ये परीक्षक मांजर टेबलावर घेतो, तोंडी बोलतो आणि पिंजऱ्यावर रिबीन लावतो. तोंडी बोललेलं हवेत जातं. म्हणून तिथे हजर असाल तर फोनवर रेकॉर्ड करा, निदान घरी येऊन दोन ओळी लिहा.

अभिप्राय वाचताना मानक जवळ असलं की मजा येते. सीएफएच्या पर्शियन मानकात १०० पैकी ३० गुण डोक्याला आहेत, डोळ्यांचा आकार आणि कान त्यातच आले. शरीराच्या ठेवणीला २०, रंगाला २०, डोळ्यांच्या रंगाला १०, समतोल आणि नाजूकपणाला पाच-पाच. आणि केसांना? फक्त १०. आपल्याकडे ज्या केसांवर पिल्लू विकलं जातं, त्यांना टेबलावर एवढीच किंमत. मानकं मधूनमधून बदलतात, म्हणून त्यांच्या जुन्या प्रतीही ठेवण्यासारख्या असतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या विजेत्या पर्शियनचा फोटो पाहिला तर आजचा माणूस त्याला 'डॉल फेस' म्हणून बाजूला ठेवेल.

आमच्याकडे देशी मांजर आहे. ते चालेल का?

चालेल. प्रदर्शनांतही घरगुती मांजरांचा वर्ग असतो, तिथे वंशावळ लागत नाही. क्रिस्टल पॅलेसच्या त्या पहिल्या प्रदर्शनात कामगारांच्या मांजरांसाठी वेगळा वर्ग ठेवला होता. गिरणीच्या भोंग्यावर वाढलेल्या आपल्या गावाला हे सांगायला मला फार आवडतं.

मांजराच्या आजारांची माहिती का मागता? खासगी गोष्ट आहे ती.

आहे. आणि वहीतलं सगळ्यात मोलाचं पानही तेच.

पर्शियनमध्ये मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आहे, डॉक्टर त्याला पीकेडी म्हणतात. दोष एका जनुकात आहे. आईबापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. एक पालक बाधित असेल तर साधारण निम्म्या पिल्लांत तो जातो. गाठी लहानपणापासून असतात, पण हळूहळू वाढतात आणि लक्षणं बहुतेकदा मांजर सहा-सात वर्षांचं झाल्यावर दिसतात. तोवर बोका असेल तर अर्ध्या शहरात त्याची पिल्लं पोचलेली असतात. २००४ साली तो दोष नेमका सापडला आणि आता गालाच्या आतून काडी फिरवून घेतलेल्या नमुन्यावर चाचणी होते. त्याआधी सोनोग्राफी हाच मार्ग होता.

आता समजा, जुळे सोलापुरातल्या एका घरी सात वर्षांची मांजरी किडनीनं गेली. बुधवार पेठेत दुसरी तशीच गेली. दोन्ही घरांना वाटलं, नशीब. दोघींच्या वह्या शेजारी ठेवल्या आणि बाप एकच निघाला, तर त्या बापाच्या बाकीच्या पिल्लांची तपासणी करता येते. यासाठी डॉक्टरांनी काय सांगितलं, कोणत्या वयात, रिपोर्टची तारीख, एवढं लिहा. मालकांची नावं आम्ही बाहेर देत नाही.

जातींच्या इतिहासातही वाईट पानंच जास्त शिकवतात. घडी पडलेल्या कानांचं स्कॉटिश फोल्ड घ्या. १९६१ साली स्कॉटलंडच्या एका शेतावर सूझी नावाची मांजरी सापडली, तिच्यापासून ही जात आली. कान दुमडतात ते कूर्चेतल्या दोषामुळे, आणि तोच दोष पायांच्या आणि शेपटीच्या सांध्यांतही त्रास देतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच ब्रिटनच्या संस्थेनं त्यांची नोंदणी थांबवली. तरी ही पिल्लं आजही 'क्यूट' म्हणून विकली जातात. बर्मीजचंही तसंच. वाँग माऊ नावाची तपकिरी मांजरी १९३० साली सॅन फ्रान्सिस्कोला पोचली, तिच्यापासून ही जात उभी राहिली. पुढे पैदासकार सयामीशी इतका संकर करत राहिले की १९४७ मध्ये सीएफएनं बर्मीजची नोंदणीच काही वर्षं बंद केली. हे आपल्याला कळतं, कारण कुणीतरी नोंदवह्या राखल्या होत्या.

आमचं पिल्लू 'थेट इराणहून आलेल्या जोडीचं' आहे असं सांगून दिलंय. लिहू का?

लिहा, पण कुणी सांगितलं आणि कधी सांगितलं, त्यासकट. प्रत्येक जातीला असे किस्से चिकटलेले असतात. बर्मन मांजराची देवळातली कथा जगभर सांगतात. मेन कूनचा बाप रकून (अमेरिकेतला एक रानटी प्राणी) होता असंही म्हणतात. जीवशास्त्रानुसार ते अशक्य आहे, तरी गोष्ट मरत नाही. सोलापुरात इराणच्या जोडीला दुबईचा शेख आणि निजामाचं घराणं येऊन मिळतं. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून लिहिली तर तीही इतिहासात बसते. पिल्लांचा भाव कसा चढवला गेला, ते तिच्यातून कळतं.

फोटो कसे काढायचे?

बाजूनं एक, समोरून चेहऱ्याचा एक, आणि वरून पाठीचा एक. मांडीवर घेऊन, डोक्यावर टोपी घालून काढलेला फोटो घरच्या अल्बमला ठेवा. फिल्टर नको.

आणि महिना लिहा. याचं कारण सोलापूरचं ऊन. सयामी आणि 'हिमालयन' म्हणून मिळणाऱ्या पर्शियनच्या अंगावर गडद रंग येतो तो तापमानावर ठरतो. त्यांच्यातलं रंग तयार करणारं विकर (एन्झाइम) ऊब असली की काम करत नाही, गारव्यात करतं. म्हणून कान, तोंड, पाय आणि शेपूट ही अंगाची थंड टोकं काळसर, बाकी शरीर फिकं. पिल्लं जन्मतात तेव्हा जवळपास पांढरी असतात, कारण आईच्या पोटात सगळीकडे सारखी ऊब. मग ज्या गावात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तिथे हेच मांजर थंड हवेच्या गावातल्या आपल्या भावंडापेक्षा उजळ राहू शकतं. त्यात आपण उन्हाळ्यात केस बारीक करून आणतो. कापलेल्या जागी कातडी गार पडली की नवे केस गडद येऊ शकतात. महिना नसलेला फोटो पाहून पुढचा माणूस म्हणेल, मांजर दुसरंच आहे.

जुन्या छापील फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीनं, कडेला लिहा. बॉलपेनचा ठसा पुढून उमटतो.

आमच्या पत्र्याच्या घरात कागद टिकतील का?

माळ्यावर ठेवले तर नाही. पत्र्याखाली किंवा गच्चीलगतच्या माळ्यावर उन्हाळ्यात काय होतं, ते लोणच्याच्या बरण्या ठेवणाऱ्यांना ठाऊक आहे. खालच्या खोलीत, भिंतीला न टेकलेल्या, जमिनीपासून वीतभर उंच लोखंडी कपाटात किंवा ट्रंकेत ठेवा. पावसाळ्यात वाळवीकडे लक्ष द्या, महिन्यातून एकदा उघडून पाहा.

सर्वांत आधी थर्मल कागद वाचवा. दुकानाची बिलं आणि दवाखान्यातले सोनोग्राफीचे चकचकीत प्रिंट उष्णतेनं काळे पडतात नाहीतर कोरे होतात. आजच त्यांची झेरॉक्स काढा, फोनवर फोटोही घ्या. लॅमिनेशन करू नका, एकदा प्लास्टिक चिकटलं की कागद सोडवता येत नाही. सेलोटेप पिवळी पडून कागद खाते. स्टेपलर पिना काढा, गंजतात. लसीकरणाच्या कार्डावर डॉक्टर बाटलीचं लेबल चिकटवतात, ते सुटायला आलं असेल तर आधी फोटो काढून मग जपून ठेवा. लसीचा बॅच नंबर त्याच्यावरच असतो.

फोनमधले फोटो म्हणजे जपलेले फोटो नव्हेत. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली प्रत लहान होऊन येते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मायक्रोचिपचा इतिहासाशी काय संबंध?

चिपमध्ये मांजराचं नाव नसतं, फक्त १५ अंकी क्रमांक असतो. तो वहीत लिहिलेला नसेल तर स्कॅनर असूनही काही कळणार नाही. लिहा आणि स्टिकर जपा.

बंगाल मांजर म्हणजे बिबट्याचंच ना?

नाही. ते वाघाटीच्या, म्हणजे आशियातल्या एका छोट्या रानमांजराच्या संकरातून अमेरिकेत तयार झालं. या कामात जीन मिल यांचं नाव पहिलं. घरात ठेवतात ती बंगाल मांजरं त्या संकरापासून अनेक पिढ्या पुढची असतात. वाघाटी आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते. 'जंगलातून आणलेल्या पिल्लाचा बंगाल करून देतो' असं कुणी म्हणालं तर नोंद आमच्याकडे नको, वन विभागाला कळवा.

आमच्या वडिलांची वही तेलुगूत आहे. मराठीत करून देऊ का?

तशीच द्या. सोलापुरात मांजराला एका घरात चार भाषांत हाक मारतात, वह्याही तशाच निघतात: तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी, मधे इंग्रजी आकडे. मूळ पानांचे फोटो आधी घेऊ, भाषांतर नंतर कुणीही करेल. वडील सोबत बसून वाचून दाखवणार असतील तर त्यांचा आवाज रेकॉर्ड करा. वहीत 'लाल्या' एवढंच असतं. लाल्या कोण, तो कुणाच्या गच्चीवरून आला आणि त्यावरून शेजारच्यांशी किती दिवस अबोला होता, हे वडीलच सांगतील.

मांजर गेलं. आता वही बंद करायची?

मृत्यूची तारीख, वय आणि डॉक्टरांनी सांगितलेलं कारण लिहा, आणि वही हाताशी ठेवा. पिल्लं नेलेल्यांचे फोन नंतरच येतात.

ट्रॉफ्या पाठवू का?

नको, ठेवायला जागा नाही. कोरलेली अक्षरं वाचता येतील असा फोटो पाठवा. आणि त्या ट्रॉफीत कोंबून ठेवलेले कागद असतील, तर ते मात्र नक्की पाठवा.